आज्ञार्थ वर्ज्य

माणूस ओळखावा तर तोफ सरांनीच! निदान तोफ सरांचं तरी तसं ठाम मत होतं. फाटकातून पोरगं आत आलं, की त्याच्या चालण्यावरून ते सांगायचे, हे पुढे काय दिवे लावणार. शिक्षकखोलीतली मंडळी तर त्यांना आतून-बाहेरून पाठ होती. म्हणून नव्या समुपदेशक बाई 'व्यक्तिमत्त्व आणि नेतृत्व' या विषयावर शिक्षकांचं शिबिर घेणार असं कळल्यावर सर पहिल्या बाकावर जाऊन बसले. शिकायला नव्हे, बाईंच्या चुका काढायला!

'तोफ' हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलेलं. सर कवायत शिकवायचे. त्यांनी मैदानावर 'सावधान!' म्हटलं, की रस्त्यापलीकडचा न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा उचलून घ्यायचा.

त्यातच उपमुख्याध्यापकांची खुर्ची रिकामी झाली होती. याआधी दोनदा ती सरांच्या अगदी तोंडाशी आली आणि दुसऱ्याच्या पानात पडली. या वेळी रिंगणात दोघंच होते, सर आणि भूगोलाच्या बाई. आता भूगोलाच्या बाईंचं काय सांगावं? त्यांना काहीही विचारा, त्या 'बघू हं' म्हणायच्या आणि खरोखरच बघत राहायच्या. यांच्याशी कसली स्पर्धा! सरांनी मनातल्या मनात त्या खुर्चीवर उशीसुद्धा ठेवली होती.

समुपदेशक बाई दिसायला कालपरवा शाळा सुटलेल्या वाटत. त्यांनी फळ्यावर नेतृत्वाचे चार प्रकार लिहिले. आदेश देणारे, समजूत काढणारे, वाट बघणारे आणि मागून येणारे. मग गोड हसून त्या म्हणाल्या, "आपले कवायतीचे सर पहिल्या प्रकारातले. आदेश देणारे."

"मी?" सर ताडकन उठले. "मी आदेश देतो? कोण म्हणतं असं? उभं राहा आणि तोंडावर सांगा!"

खोलीतले सगळे शिक्षक उभे राहिले. ते सांगायला उठले होते की आदेश पाळायला, हे कोणालाच कळलं नाही. सर मात्र रागाने लालबुंद होऊन खाली बसले.

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्यांना बोलावून घेतलं. "शनिवारी संस्थेचे अध्यक्ष संचलन बघायला येणार आहेत. ते सध्या या नव्या पद्धतीवर फार खूश आहेत. खुर्ची हवी असेल, तर त्या दिवशी मुलांना आदेश द्यायचा नाही. विचारायचं! तोंडातून एकही आज्ञार्थ निघता कामा नये."

"हो ना सर," शेजारी उभ्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "आज्ञार्थ टाळा!"

"अहो, 'टाळा' हा आज्ञार्थच आहे की!"

"माझी नाही ना परीक्षा," बाई म्हणाल्या.

आणि एवढ्यावर भागलं नाही. मुलांचेही प्रकार काढले होते! इतकी वर्षं संचलनाच्या पुढे दहावीतला उंचापुरा, खणखणीत मुलगा असायचा. बाई म्हणाल्या, तो तर जन्मजातच पुढे असतो, मागून येणाऱ्यांना संधी मिळायला हवी. म्हणून पुढे आली पाचवीतली मुंगी. खरं नाव तिचं तिलाच आठवत असेल तर असेल. ही मुलगी कधी आपणहून खिडकीसुद्धा लावायची नाही. सांगितलं तेवढं करायची, आणि 'पुरे' म्हणेपर्यंत करतच राहायची.

सरांनी घरी सराव केला.

"अगं, चहा मिळण्याची काही शक्यता आहे का?"

बायकोने वर्तमानपत्र खाली केलं. "आहे की. तुम्ही दूध आणलंत तर."

सरांनी दूध आणलं. मग चहाही त्यांनीच केला. नव्या पद्धतीत कामं होतात, फक्त ती आपल्यालाच करावी लागतात, हे त्यांच्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

शनिवार उजाडला. मैदानाच्या कडेला अध्यक्ष, मोठ्या बाई आणि समुपदेशक बाई बसल्या. समुपदेशक बाईंनी आज्ञार्थ मोजायला बोटं मोकळी सोडली होती. भूगोलाच्या बाई फाटकापाशी उभ्या होत्या. कशाला, ते त्यांनाही ठाऊक नसावं.

सरांनी छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्या कष्टाने अर्धा सोडून दिला.

"मुलांनो, सावधान उभं राहावंसं कोणाकोणाला वाटतंय?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग थोडे हात वर झाले. मागून एक आवाज आला, "सर, मला बसावंसं वाटतंय!"

"मला पाणी प्यावंसं!"

सरांच्या कपाळाची शीर तडतडली. या पोराला त्यांनी एरवी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या असत्या. "छान," ते दातओठ खात म्हणाले. "प्रामाणिकपणा आवडला. बरं, आपण चालायला सुरुवात करूया का?"

"हो सर!"

बँड सुरू झाला, मुंगीने पाऊल उचललं आणि सगळी शाळा तिच्यामागे निघाली. संचलन सुरेख होतं! अध्यक्षांनी मान डोलावली. सरांना वाटलं, जमलं बुवा. पण मैदानाचं टोक आलं. तिथे एरवी 'डावीकडे वळ!' असा हुकूम सुटायचा.

"डावीकडे वळलो तर कसं वाटेल?" सरांनी विचारलं.

मुंगीला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं. ती मनापासून विचार करू लागली. विचार करताना पाय थांबवायला मात्र कोणी सांगितलं नव्हतं. समोर फाटक होतं, आणि अध्यक्षांच्या गाडीसाठी केलेलं ते तसंच सताड उघडं होतं. पहारेकऱ्याने सलाम ठोकला, आणि अख्खी शाळा बँडसकट रस्त्यावर गेली!

"बाई, अडवा की!" सर भूगोलाच्या बाईंवर ओरडले. मोठ्या माणसांना आज्ञार्थ चालत होता.

"बघू हं," बाई म्हणाल्या.

सर धावत सुटले. मागून अध्यक्ष, मोठ्या बाई आणि समुपदेशक बाईही निघाल्या. बँड असा दणाणत होता, की रस्त्यावरची माणसं टाळ्या वाजवत बाजूला होत होती. सरांनी धापा टाकत मुंगीला गाठलं.

"बाळ, आता थांबूया का? तुला काय वाटतं?"

मुंगीने या वेळी फारसा विचार केला नाही. तिचे डोळे चमकत होते. "नाही सर. मला चालावंसं वाटतंय!"

पुढे मोठा चौक होता. गाड्या सुसाट जात होत्या. ओरडावं तर खुर्ची जाते, न ओरडावं तर पोरं चौकात जातात! काय मेली ही पद्धत! एवढ्यात त्यांना रस्त्याकडेला पाटी दिसली आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बसचा थांबा! थांबा हे नाम आहे, आणि नामाला कोणाची बंदी आहे?

"थांबा!" तोफ कडाडली.

अध्यक्ष एक पाय उचललेला तसेच उभे राहिले. मोठ्या बाई थांबल्या. एक बस करकचून थांबली. समुपदेशक बाईंनी थांबल्या थांबल्या एक बोट दुमडलं. "एक आज्ञार्थ!"

"कसला आज्ञार्थ?" सर उसळले. "नाम आहे ते! पुल्लिंगी, एकवचनी! हा इथे उभा आहे तो काय आहे? बसचा थांबाच ना?"

"पण तुम्ही ओरडलात."

"नाम मोठ्याने म्हणू नये, असा कुठे नियम आहे?"

मोठ्या बाई मूळच्या मराठीच्या. त्यांनी थोडा विचार केला. "व्याकरणाच्या दृष्टीने सरांचं बरोबर आहे."

"पुन्हा म्हणतो, थांबा!" सर विजयाने म्हणाले.

"थांबलोय की! कोणी चढताय का?" बसमधून कंडक्टर खेकसला.

तेव्हा कुठे सरांनी वळून चौकाकडे पाहिलं. सगळी रांग त्यांना ओलांडून पुढे गेली होती. मुलं थांबलीच नव्हती! थांबतील कशी? कवायतीत हुकूम असतो 'थांब'. वर्षानुवर्षं सरांनी त्यांना तोच शिकवलेला. 'थांबा' हे मोठ्यांना म्हणतात, म्हणून मोठी माणसं थांबली होती, आणि शाळा चौकाकडे चालली होती.

खड्ड्यात गेली खुर्ची! सर जिवाच्या आकांताने धावले. 'थांब' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण धावून धावून घशाला कोरड पडली होती. नुसती हवा बाहेर आली. पुढच्या रांगेचे पाय चौकाच्या कडेला पोचले, आणि...

"थांब!"

एक-दोन! सगळी शाळा जागच्या जागी थिजली. बँड बंद पडला. चौकातल्या दोन रिक्षाही थांबल्या. आवाज मुंगीचा होता. तिने समोरच्या गाड्या पाहिल्या, मागे वळून सरांना शोधलं, ते दिसेनात, म्हणून तिनेच सांगून टाकलं. मग "मागे वळ!" म्हणून तिने शाळा शाळेत परत आणली. सर आपल्याच डोळ्यांतलं पाणी घाम समजून पुसत मागून चालत होते.

सोमवारी मोठ्या बाईंनी निकाल सांगितला. "अध्यक्ष भारावून गेलेत. म्हणाले, जो स्वतः मागे राहून दुसऱ्याला पुढे आणतो, असा माणूस विरळाच. तुम्ही 'मागून येणारे' निघालात, सर!"

"मग खुर्ची?"

"असा माणूस ऑफिसात वाया घालवू नये, असंही म्हणाले. तुम्हाला मैदानावरच ठेवायचं ठरलंय. खुर्ची भूगोलाच्या बाईंना दिली."

"त्यांना? त्यांनी केलं काय?" तोफेला कंठ फुटला. "मी रस्ताभर धावलो! त्या फाटकापासून हलल्यासुद्धा नाहीत!"

"त्यालाच तर अध्यक्ष स्थैर्य म्हणाले."

"हे कसलं नेतृत्व?"

"संस्थेला हवं तसलं," मोठ्या बाई फाइल उघडत म्हणाल्या.

सर पाय आपटत बाहेर आले. राजीनामाच देतो! आत्ता, या क्षणी देतो! असल्या शाळेत एक दिवसही... तेवढ्यात मैदानावरून खणखणीत आवाज आला.

"उशीर झालाय! रांगेत ये!"

मुंगी सगळ्या शाळेसमोर कमरेवर हात ठेवून उभी होती. कोणत्या कार्ट्याला उशीर झाला, म्हणून सरांनी चिडून मागे पाहिलं. मागे कोणीच नव्हतं.

मुंगीने जीभ चावली. "रांगेत या, सर," ती म्हणाली.

सर गेले. सगळ्यात उंच तेच असल्यामुळे त्यांना शेवटची जागा मिळाली.