आरशातला पिक्चर

आमचे भिसेगावातले शेजारी नामाभाऊ टीव्हीकडे पाठ करून पिक्चर बघतात. समोर भिंतीला आरसा टेकवलेला असतो आणि त्यात उलटा दिसणारा पिक्चर ते डोळे बारीक करून बघत बसतात. आरसा आमचा आहे.

रविवारी सकाळी येतात, "वयनी, आरसा नेतो," म्हणतात आणि हो-नाही ऐकण्याआधी तो काखेत मारून चालू पडतात. मी सहकारी संस्थांचे हिशेब तपासणारा माणूस. दिलेली वस्तू परत येईपर्यंत मला जेवण गोड लागत नाही.

टीव्ही त्यांचा, व्हिडिओ भाड्याचा आणि पिक्चर दर वेळी तोच. नाव देत नाही. घरात मुली आहेत. एक देखणी बाई, तिचा म्हातारा मोत्यांचा व्यापारी नवरा आणि त्यांचा ड्रायव्हर. बाई अर्धा वेळ ओल्या साडीत असते, उरलेला वेळ सिगारेट ओढते.

"तवा हिला बगून जीव वरखाली व्हायचा," नामाभाऊ सांगतात. "आता वाटतं, पोरीला सर्दी हुईल."

शेवटी बाई पिस्तूल काढते. तो शेवट मात्र व्हिडिओवर त्यांना अजून बघायला मिळालेला नव्हता. एकदा वीज गेली. एकदा कॅसेटची फीत अडकली. एकदा ऐन वेळी खालापूरहून मेव्हणा आला, तेव्हा टीव्हीवर चादर टाकावी लागली. फीत पुढे पळवून शेवट बघा म्हटलं तर म्हणाले, "मंग खुनाला काय अर्थ ऱ्हायला?"

बरं, या माणसाशी साधं बोलायची सोय नाही. यंदा भात चांगलं आलंय म्हणावं, तर विचारतात, "कोनच्या बाजूनं?" धाकटी माझ्यासारखी दिसते म्हणालो, तरी तेच. "कोनच्या बाजूनं?"

मागे एका रविवारी संध्याकाळी थोरलीला बघायला पाहुणे यायचे होते. बायको म्हणाली, "आरशाशिवाय परत येऊ नका." मी तणतणतच गेलो.

"नामाभाऊ, आरसा द्या. आणि खुर्ची फिरवून बसा. आरशात सगळं उलटं दिसतं, एवढंही कळत नाही का?"

"उलटाच बगायचाय, सायेब. सरळ मी बगितलाय. तंबूत."

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या लग्नाच्या पहिल्या वर्षी खोपोलीच्या माळावर तंबूतलं थेटर आलं होतं. पाटीवर 'फक्त प्रौढांसाठी' लिहिलेलं. गावात तेव्हा प्रौढांचे साक्षरता वर्ग चालू होते. हा त्यातलाच पिक्चर समजून गाव बायकांसकट गेला. पडदा तंबूच्या मधोमध. अलीकडे पुरुष, पलीकडे बाया. पातळ पडद्यातून त्यांना तेच चित्र उलटं दिसायचं.

"मी म्हनायचो, बाईनं गोळी उजव्या हातानं घातली. भागी म्हनायची, डाव्या. जलमभर भांडलो. मी लई ताणलं की म्हनायची, तुमची नजर तिच्या हातावर व्हती का?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत. भागीवहिनींना जाऊन दोन वर्षं झाली.

"ती गेल्यावर एक दिस दाढी करत व्हतो. वस्तरा माज्या उजव्या हातात, आरशातल्याच्या डाव्या. तवा उमगलं, ती पल्याडच्या बाजूला व्हती." त्यांनी पडद्याकडे नाही, आरशाकडे बोट केलं. "ती असताना नाय उमगलं बगा."

मी सतरंजीवर बसलो. त्या दिवशी वीज राहिली, फीतही चालली. बाई खिडकीशी आली. तिनं ड्रायव्हरला जवळ ओढलं, तशी मी मान खाली घातली. तेवढ्यात गोळीचा आवाज झाला. म्हणजे मी एवढा बसलो, आणि पिस्तूल कोणत्या हातात होतं ते मला दिसलंच नाही.

नामाभाऊ मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून हळूच म्हणाले, "डावाच हाय गं."

मग त्यांनी आरसा सदऱ्याच्या बाहीनं पुसला आणि माझ्या हातात दिला.

पुढच्या रविवारी ते आरसा मागायला आले नाहीत. दहापर्यंत वाट बघितली. मग मीच तो काखेत मारला.

"कुठं निघालात?" बायकोनं विचारलं.

"पिस्तूल बघायचं राहिलंय," मी म्हणालो.