तीनशे वर्षं थांबलेला इसम

भोईवाड्यात गुन्हे कमी आहेत याचं श्रेय पोलीस घेतात. घेऊ देत. मी, प्रफुल्ल तांबे, खाजगी गुप्तहेर (पोटापाण्याला कुरिअर कंपनी), प्रसिद्धीच्या मागे नाही. प्रसिद्धीही माझ्या मागे नाही, हा भाग वेगळा. आजवर एकही केस सुटली नाही. हातातून मात्र सगळ्या सुटल्या.

पण ही केस घरातलीच निघाली. परवा दाराशी आलो तर आमची दीपिका फोनवर, "अगं, तिच्यासाठी तो तीनशे वर्षं थांबला! आणि डोळे काय त्याचे!" मला पाहताच फोन बंद. वर "चहा टाकू?" न मागता चहा! आईशप्पथ, म्हणजे नक्की कोणीतरी इसम! बायको गेली तर या गुप्तहेराला विचारणार कोण?

डोकं चालवलं. तीनशे वर्षं कोण थांबतं? चाळीच्या पुनर्विकासासाठी आपण. म्हणजे इसम बिल्डर! संध्याकाळी ती पुन्हा फोनवर म्हणाली, "छत्र्या दुरुस्त करतो गं." बिल्डर बाद. परळ नाक्यावरच्या छत्रीवाल्याच्या डोळ्यांत मी बराच वेळ रोखून पाहिलं. मोतीबिंदू होता. "छत्री कुठाय?" त्याने विचारलं.

शेवटी रजा टाकून भरदुपारी घरी धडकलो. दिवसा सताड उघडी असणारी आमच्या मजल्यावरची दारं चक्क बंद! फक्त सुभद्राकाकूंच्या खोलीतून हुंदके. मी दाराला खांद्याने धडक दिली. कडी नव्हतीच. थेट आत, पालथा.

मजल्यावरच्या सगळ्या बायका पदराने, ओढणीने डोळे पुसत टीव्हीसमोर. दीपिकाही.

"मेल्या, मध्ये पडा नको, दिसणा नाय!" काकू ओरडल्या. "कोरियन पिक्चर आसा. नदीचो देव छत्र्ये दुरुस्त करता. दीपिकेन सांगल्यान, म्हणान बघतंव."

केस काकूंनी सोडवली. मला रडूच फुटलं. बायकांना वाटलं, सीन बघून.

"सगळ्या चाळीला सांगितलंस, मग मला का नाही?" मी कुजबुजलो.

"अहो, तुम्ही पाच मिनिटांत खुनी जाहीर करता. यात खूनच नाहीये. तो नुसता तिचं ऐकून घेतो, शेवटपर्यंत."

हे मात्र लागलं. मी भिंतीला टेकलो. पडद्यावर एक आजी आली, हातात वाडगा. विष! शंभर टक्के विष! पण ओठांवर आलेलं मी गिळलं.

"बोला, कोण?" दीपिकाने न बघताच विचारलं.

"कोणी नाही. तू बघ."

ती चटईवर जरा सरकली. मी शेजारी जाऊन बसलो. वाडग्यात सूप होतं.

आता ऑफिसात प्रत्येकाला सांगतोय: हा पिक्चर बघाच. बायकोबरोबर बघा. आणि तोंड बंद ठेवा.