चुकून वाजलेली शिट्टी

"बाबा, तुम्ही रेफरी व्हाल का?" रेवतीने विचारलं तेव्हा अविनाश देवस्थळी मटार सोलत होते. हातातली शेंग हातातच राहिली.

रेवतीच्या गुरुग्राममधल्या कंपनीचं मुख्य ऑफिस अमेरिकेत होतं. त्यामुळे दर फेब्रुवारीत इथल्या दोन विभागांनी अमेरिकन फुटबॉलचा सामना खेळायचा, अशी प्रथा पडली होती. खरा खेळ अंगावर चिलखतासारखं काहीबाही चढवून, एकमेकांना धडका देत खेळतात. ऑफिसातल्या माणसांचे गुडघे लक्षात घेऊन इथे त्याचा सौम्य प्रकार चालायचा. प्रत्येकाच्या कमरेला दोन रिबिनी. लंबगोल चेंडू घेऊन पळणाऱ्याची रिबीन कुणी ओढून काढली, की तो तिथेच थांबला. चेंडूसकट शेवटच्या रेषेपलीकडे पोचला, की सहा गुण, आणि वर एक जादा गुण मिळवायची संधी. ठरलेल्या रेफरीने सामन्याच्या आदल्या दिवशी कळवलं, की त्याच्या मेहुण्याचं लग्न आहे.

"मला त्या खेळातलं काय कळतंय?" अविनाश म्हणाले.

"नियम तर तुम्हीच वाचलेत. आमच्या आख्ख्या ऑफिसमध्ये कुणी वाचले नाहीत."

हे मात्र खरं होतं. अविनाशांनी चौतीस वर्षं एका केंद्रीय मंत्रालयात नियमांचे मसुदे लिहिण्यात घालवली होती. रेवतीने छापून आणलेली साठ पानांची नियमावली जेवणाच्या टेबलावर पडली होती, ती त्यांनी पेन्सिल घेऊन शेवटपर्यंत वाचली. रेवती लग्न होऊन पुण्याहून दिल्लीतल्या द्वारकेच्या या घरात आली त्याला दीड वर्ष झालं होतं. तिचा नवरा सिद्धांत महिन्यातले वीस दिवस टूरवर. सासरे आणि सून यांच्यात 'चहा टाकू का' आणि 'गीझर बंद केलास ना' याच्या पलीकडे बोलणं जात नसे. गेले दोन आठवडे मात्र जेवताना चेंडू झाडात अडकला तर काय, रेफरीच्याच पाठीवर आपटला तर काय, अशा गोष्टींवर दोघांची चर्चा रंगायची.

"पण तू खेळणार आणि सासरा रेफरी? लोक काय म्हणतील?"

"विचारलं मी विक्रांतसरांना. ते म्हणाले, अंकल सरकारी आदमी हैं, किसी के सगे नहीं होंगे."

विक्रांत हा रेवतीचा बॉस आणि समोरच्या संघाचा कप्तान. त्याचा संघ ओळीने चार वर्षं जिंकला होता.

"जाऊ दे गं त्यांना," अविनाशांच्या पत्नी वृंदाताई आतून म्हणाल्या. "घरात कुणी ऐकत नाही. तिकडे चौदा माणसं तरी ऐकतील."

रविवारी सकाळी मैदानावर कोवळं ऊन होतं. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट स्वेटरवर चढवून अविनाश मधोमध उभे राहिले आणि खरोखरच चौदा माणसं त्यांचं ऐकू लागली. एकाने रिबिनी टी-शर्टखाली लपवल्या होत्या, त्याला त्यांनी कलम आणि पोटकलम सांगून बाहेर काढायला लावल्या. एकीची रिबीन पळताना आपोआप गळून पडली. "अब क्या?" सगळे ओरडले. "अब सिर्फ हाथ लगाना काफी है," अविनाशांनी शांतपणे सांगितलं. पाणी प्यायच्या सुट्टीपर्यंत त्यांचं नाव 'रूलबुक अंकल' पडलं होतं. एकच अडचण होती. शिट्टी खिशातून काढून तोंडाशी नेईपर्यंत खेळ चार पावलं पुढे जायचा. म्हणून सुट्टीनंतर त्यांनी ती दातांतच धरून ठेवली.

शेवटचं मिनिट आलं तेव्हा विक्रांतचा संघ बारा, रेवतीचा सात. घड्याळ संपता संपता शेवटचा चेंडू उंच उडाला आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना रेवतीच्या हातात पडला. ऑफिसात ती 'पुण्याची गप्प मुलगी' म्हणून ओळखली जायची. तिला संघात घेतलं होतं ते सातवं माणूस मिळत नव्हतं म्हणून. ती कडेकडेने पळत सुटली. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. पुढे कुणीच नव्हतं. अविनाशही तिच्या बरोबरीने धावत होते. ती शेवटच्या रेषेपासून पंधरा पावलांवर होती, आणि इतक्यात शिट्टी वाजली.

रेवती थबकली. सगळेच थबकले. त्याच क्षणी वडापावच्या गाडीकडून एक पिवळसर कुत्रा सुसाट आला, तिच्या कमरेची फडफडती रिबीन दातांत धरून ओढली आणि ती घेऊन पार्किंगच्या दिशेने पसार झाला.

मग जो गोंधळ उडाला त्यात प्रत्येकाला नियम येत होते. विक्रांतच्या संघातला गौरव म्हणाला, "रिबीन निकल गई, खेल खतम!" रेवतीच्या संघातली चेतना त्याच्या अंगावर धावून गेली. "कुत्ता तुम्हारी टीम में है क्या?" दोन जण कुत्र्यामागे धावले. एकाने मोबाईलवर चित्रण केलं होतं, पण त्यात फक्त कुत्रा आला होता. शेवटी सगळे रूलबुक अंकलभोवती गोळा झाले.

"कुत्ता खिलाडी नहीं है," अविनाश म्हणाले. "उसका खींचना नहीं गिना जाएगा."

"और बाहरवाले ने खेल बिगाड़ा तो?" चेतनाने विचारलं.

"तो रेफरी जो न्याय समझे, वो फैसला दे सकता है. पॉइंट भी."

सगळे विक्रांतकडे पाहू लागले. विक्रांतने कमरेवर हात ठेवले, दम खाल्ला आणि म्हणाला, "दे दो अंकल. रेवती तो पहुँच ही जाती. आपने कुत्ता देखके सीटी मारी, सही किया. फेअर है यार."

झालं होतं! प्रतिस्पर्धी कप्तानाने स्वतः कबूल केलं होतं. रेवतीच्या संघाने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. अविनाशांनी फक्त दोन्ही हात वर करून गुण जाहीर करायचे राहिले होते.

त्यांनी हात वर केले नाहीत. नियमावलीच्या एका पानावर त्यांची पेन्सिल बराच वेळ थांबली होती. रेफरीची शिट्टी चुकून वाजली तर काय करावे, असं चक्क एक कलम होतं. वाजलेली शिट्टी परत घेता येत नाही, खेळ तिथेच थांबतो, आणि चेंडू ज्यांच्याकडे होता त्यांनी ठरवायचं: चेंडू तिथपर्यंतच आला असं धरून पुढे जायचं, की चेंडू फेकल्यापासूनचा तो डाव पुन्हा खेळायचा. अधिकारी चुकणार, हे नियम करणाऱ्यांनी आधीच धरलं होतं आणि त्याबद्दल रागाचा एक शब्दही लिहिला नव्हता. चौतीस वर्षांत अविनाशांनी असं एकही कलम लिहिलं नव्हतं. त्यांच्या नियमांत चुकायचे ते नेहमी अर्जदार.

"सीटी कुत्ते के लिए नहीं थी," ते म्हणाले. "कुत्ता बाद में आया."

"तो किसके लिए थी?"

"मुझसे बज गई."

"ऐसे कैसे बज गई, अंकल?"

अविनाशांनी सुनेकडे पाहिलं नाही. "सीटी मुँह में थी. मैं भूल गया. मैं चिल्लाने वाला था कि…" मग ते मराठीतच म्हणाले, "पळ, रेवती, पळ."

गौरव हसायला लागला आणि त्याच्यामागून सगळं मैदान. "अंकल तो सगे निकले!" विक्रांत म्हणाला. अविनाशांचे कान तापले. त्यांनी खालच्या आवाजात कलम सांगितलं. वेळ संपली होती, म्हणजे डाव पुन्हा खेळण्याखेरीज रेवतीच्या संघाला उपाय नव्हता. चेतना कुरकुरली. रेवती मात्र लगेच म्हणाली, "फिर से खेलते हैं."

चेंडू पुन्हा तिच्याकडेच आला, पण आता तिच्यावर तिघांची नजर होती. शेवटच्या रेषेआधी चार पावलांवर विक्रांतने तिची रिबीन ओढली. अविनाशांनी शिट्टी खिशातून काढली आणि नीट, जाणूनबुजून वाजवली.

घरी जाताना रेवती गाडी चालवत होती. गाडी हायवेला लागली.

"चुकलं माझं," अविनाश म्हणाले. "दीड वर्षात पहिल्यांदा तुझं नाव मोठ्याने घ्यायला गेलो, आणि हे असं झालं."

रेवतीने समोरच्या ट्रकला वाट दिली. मग म्हणाली, "बाबा, एक सांगू? सिद्धांतला सांगू नका प्लीज."

"काय?"

"माझा पाय कडेच्या लाईनच्या बाहेर पडला होता. शिट्टीच्या आधी. पाण्याच्या जारपाशी. चांगला आख्खा पाय."

अविनाश तिच्याकडे पाहत राहिले. "मला दिसलं नाही."

"कसं दिसणार? तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात." तिने गिअर बदलला. "विक्रांतसर पॉइंट द्यायला निघाले तेव्हा मी गप्प बसले. मग तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. वाटलं, आता आपणही बोलावं. पण नाही झालं माझ्याच्याने. मग म्हटलं, निदान परत तरी खेळू."

"आणि परत खेळताना मुद्दाम हळू पळालीस?"

"छे हो! जीव तोडून पळाले."

अविनाश हिशेब लावू लागले. पाय बाहेर, म्हणजे चेंडू तिथेच संपला. घड्याळही संपलेलं. म्हणजे सामना तिथेच हरलेला. मग शिट्टी, कुत्रा, कबुली आणि नवा डाव, सगळं होऊन निकाल काय लागला? तोच.

"अगं, रेफरी चुकला, खेळाडू चुकला," ते म्हणाले, "आणि निर्णय मात्र अगदी नियमाप्रमाणे लागला!"

रेवतीला हसू आवरेना. मग त्यांनाही आवरेना. लाल दिव्यापाशी शेजारच्या ऑटोवाल्याने काच खाली असलेल्या गाडीत वाकून पाहिलं.

दार वृंदाताईंनी उघडलं. "कोण जिंकलं?"

"हरलो!" दोघं एकदम म्हणाली.

वृंदाताईंनी सुनेकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. "मग जिंकून आल्यासारखे काय उभे आहात? आणि पाय बघून टाका, आत्ताच लादी पुसलीय."

रेवती उंबऱ्यात अडखळली. आपल्या मातकट बुटांकडे आणि मग सासऱ्यांकडे पाहू लागली.

"मला काही दिसलं नाही," अविनाश म्हणाले, आणि त्यांनी आधी स्वतःच ओल्या लादीवर चांगला आख्खा पाय ठेवला.