टोपी काढली की कुणीतरी गेलं

आमच्या शेजारच्या नानांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, आणि विलायती मूकपट समजावून सांगण्यात अख्ख्या नांदेडात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. दिवसभर कचेरीत उर्दू कागद लिहायचे. तंबूत सिनेमा आला, की पडद्याशेजारी काठी घेऊन हजर!

"खामोश! घोडा येऊन राहिला!" अशी सुरुवात. मग अमेरिकेतला फौजदार आमच्या ठाण्यातला अमीनसाब व्हायचा, दरोडेखोर जवळच्याच भोकर गावचा. पडद्यावर इंग्रजी अक्षरं उमटली, की नाना ती बेधडक 'वाचायचे'. घोडेस्वारानं बाईसमोर टोपी काढली, की सुस्कारा टाकायचे, "हिच्या घरचं कुणी गेलं हो!" आपल्याकडं माणूस बोडक्या डोक्यानं सुतकातच दारात येतो ना! सगळा तंबू हळहळायचा. मी हैदराबादेत शिकून आलेलो, अंगात भारी माज. मी दात काढायचो.

नानांचा एकुलता वसंता घोडदळात होता. लढाई संपली तरी तो आला नव्हता. त्याची आई, आमच्या काकू, बायकांच्या बाजूला बसून प्रत्येक घोडेस्वाराकडं टक लावून बघायच्या.

एके दिवशी पडद्यावरचा स्वार एका म्हातारीच्या दारात उतरला. टोपी काढली. बायकांनी आधीच पदर डोळ्यांना लावले. पण नाना म्हणाले, "रामराम घालून राहिला, माय. पोरगं मागून येऊन राहिलंय."

माझ्यानं राहवेना. उठून ओरडलो, "चूक! तिथं लिहिलंय, तुमचा मुलगा लढाईत पडला!"

कुणी हसलं नाही. नानांनी काठी खाली ठेवली. पुढचा सिनेमा मुकाच झाला.

दुसऱ्या दिवशी काकू आमच्या ओसरीवर आल्या. पदराआडून घोडदळातून आलेला एक उर्दू कागद काढला. "बाबू, तू खरं वाचतोस. हे वाच. वसंता खुशाल हाय म्हणतेत आमचे हे."

वाचलं. वसंता दोन वर्षांपूर्वीच गेला होता. कालचं माझं शहाणपण आठवलं आणि लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. अंगणाच्या दारात नाना उभे होते. टोपी हातात.

"खुशाल आहे, काकू," मी कागदाकडंच बघत म्हणालो.

काकूंनी कागद घेतला, हळू घडी घातली.

"ह्यांनीबी अस्संच वाचलं होतं, बाबू," त्या म्हणाल्या. "वर न बघता."