मार्शलच्या घोड्याचा पत्र्याचा पाय

करवंट्या धुवायच्या असं मी ठरवलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

(माझा थोरला भाऊ वेंडेल म्हणायचा, लायलनं काही ठरवलं की आधी शेजाऱ्यांना सांगून ठेवावं. तो आता म्हणत नाही. न्यूमोनियानं गेला त्याला महिनाही झाला नव्हता, आणि मी अजून सकाळी चार अंडी फोडत होतो. त्याची दोन, माझी दोन. मग चारही मीच खायचो आणि दिवसभर ढेकर देत त्याची आठवण काढायचो.)

करवंट्या वेंडेलच्या होत्या. आमच्या नेब्रास्कातल्या गावाला एक रेडिओ स्टेशन आहे आणि तिथून दर शनिवारी संध्याकाळी 'ड्राय फोर्कचा मार्शल' हे नाटक थेट लागतं. खून, दरोडा, पाठलाग, न्याय, सगळं जेवणाच्या आत. त्यातले आवाज वेंडेल काढायचा. चामड्याच्या गादीवर लाकडी पट्टी हाणली की गोळी सुटायची. गंजलेली बिजागरी फिरवली की तुरुंग उघडायचा. आणि नारळाच्या दोन करवंट्या खड्यांच्या पेटीत आपटल्या की मार्शलचा घोडा दौडत यायचा. शेवटी निवेदक म्हणायचा, "आवाज, वेंडेल थॉर्प," आणि आयडावहिनी स्वयंपाकघरातला रेडिओ बंद करून त्याचं ताट वाढायला घ्यायची.

तो गेल्यावर स्टेशनचे मालक प्रेंटिससाहेब मला म्हणाले, "शिकागोहून आवाजाच्या तबकड्या मागवल्यात. त्यात घोडे, गोळ्या, वादळ, सगळं भरलेलं आहे. आता आवाज काढायचं टेबल लागणार नाही."

"आणि वेंडेलचं नाव?"

"तबकडीचं नाव कोण घेतं, लायल?"

मी म्हणालो, "येत्या शनिवारी मी करतो."

"तू?"

"मी."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझी शाळा पाचवीतच सुटली हे गावाला ठाऊक आहे. (शाळेच्या बाजूनं सांगायचं तर तिनंच मला सोडलं.) "एकदा बघू," ते म्हणाले. "बिघडलं तर पुढच्या शनिवारपासून तबकड्या."

म्हणजे माझ्या हातात एक शनिवार होता, आणि त्या शनिवारी दुपारी मी करवंट्या धुवायला घेतल्या. एकीच्या पाठीवर वेंडेलच्या अंगठ्याचा काळा डाग पडला होता. तो मी घासून काढला. मग कशाला काढला म्हणून रडत बसलो. आणि रडत रडतच दोन्ही करवंट्या वाळायला ओव्हनमध्ये ठेवून पाणी प्यायला विहिरीवर गेलो.

आमच्याकडे कुणी गेलं की गावातल्या बायका भांड्याभांड्यांनी जेवण आणतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं, आणि भांडं घासून परत गेलं नाही तर गेलेल्या माणसापेक्षा भांड्याचीच चर्चा जास्त होते. त्यातलंच कुणाचं तरी मांस-बटाट्याचं भांडं गरम करायला वहिनीनं ओव्हन पेटवला.

मी आलो तेव्हा घर धुरानं भरलं होतं.

"वहिनी, ओव्हनमध्ये घोडा होता."

"काय होतं?"

"घोडा. मार्शलचा."

वहिनीनं दार उघडलं. एक करवंटी वाचली होती. दुसरीचा कोळसा झाला होता. वहिनी त्या कोळशाकडे बघत म्हणाली, "लायल, तुझ्या भावानं एवढी वर्षं हा घोडा सांभाळला. तुला एक दुपार जमली नाही."

मी दुकानाकडे पळालो. दुकानदाराकडे नारळ होता, पण किसलेला, पाकिटात. किसलेल्या नारळावर घोडा दौडत नाही. परत आलो तर टेबलावर लिंडक्विस्टकाकूंचा पुडिंगचा साचा पालथा पडलेला. पत्र्याचा, गोल, बरोबर करवंटीएवढा. काकूंनी कुंपणावरून तो दोनदा मागितला होता. तो आणि वाचलेली करवंटी उचलून मी स्टेशनकडे निघालो.

मार्शलचं काम करतात ते डॉक्टर मेप्स, आमचे दातांचे डॉक्टर. दिवसभर तोंड उघडून बसलेल्या माणसांशी एकट्यानंच बोलायची सवय, त्यामुळे कुठलाही संवाद ते एकट्यानं पुढे नेऊ शकतात. दुष्ट सावकार सायलस म्हणजे आमचा पोस्टमन बर्ट. गोष्ट सोपी होती. सायलस गाडीवानाला गोळी घालून पळतो, त्या खुनासाठी बिचारा गुराखी जेब फाशी जाणार असतो, आणि मार्शल त्याला वाचवतो.

लाल दिवा लागला. मी पट्टी हाणली, गाडीवान मेला. छान मेला. मग सायलसनं घोड्याला टाच मारली.

टप-टण्. टप-टण्. टप-टण्.

सगळ्यांनी कागदातून माना वर केल्या. काचेपलीकडे प्रेंटिससाहेबांनी कपाळ धरलं. पण डॉक्टर मेप्स डगमगले नाहीत. "ऐकलंस, जेब?" ते खर्जात म्हणाले. "एका पायाचा नाल सैल आहे. असा घोडा या मुलखात एकच असेल. ज्याचा घोडा, त्याचा गुन्हा."

कागदात हे काहीच नव्हतं. साहेबांनी कपाळावरचा हात काढला. मला वाटलं, वेंडेललासुद्धा असा घोडा सुचला नसता. छाती फुगवून मी पान उलटलं. एकेक शब्द जुळवत वाचलं. पुढे लिहिलं होतं, 'दुसऱ्या दिवशी मार्शल घोड्यावर बसून निघतो.'

आता घोडा माझ्याकडे एकच होता.

टप-टण्. टप-टण्.

मी घाईनं साचा खाली ठेवला आणि नुसती करवंटी वाजवली. टप... टप... टप. मार्शलचा घोडा लंगडी घालत निघाला. त्यापेक्षा पहिलं बरं म्हणून मी पुन्हा साचा घेतला. टण्.

सगळ्या नेब्रास्काला कळलं, खुनी कोण ते.

"मी... चालतच जातो," डॉक्टर म्हणाले.

पण बर्टला आयुष्यात पहिल्यांदा जिंकायची संधी दिसली. दर शनिवारी तो मरतो किंवा तुरुंगात जातो. तो माइकला चिकटून असा हसला की माझ्याच अंगावर काटा आला. "मार्शलसाहेब, जाता कुठं? हा घोडा तर तुमचाच. ज्याचा घोडा, त्याचा गुन्हा. तुमचेच शब्द. न्यायाधीशांना बोलवा आणि स्वतःलाच बेड्या घाला."

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांच्या खुर्चीत लोक बसतात तसं. काचेपलीकडे साहेब तबकड्यांच्या खोक्याकडे बोट दाखवत होते. जेब फाशी जाणार, मार्शलही जाणार, आणि वेंडेलचं नाव आज शेवटचं.

आवाजाच्या माणसानं माइकवर तोंड उघडायचं नाही, हा पहिला नियम. वेंडेलला एकदा नाटक चालू असताना गांधीलमाशी चावली होती, तरी तो हूं की चूं बोलला नव्हता.

मी टेबलावरून वाकलो आणि बोललो.

"मार्शलसाहेब, काल तुमचा घोडा तबेल्यातून कुणीतरी नेला होता. मी पाहिलंय."

बर्टचं हसू थांबलं. डॉक्टर वळले. "तू कोण?"

"मी तबेल्यात असतो. घोडे सांभाळतो."

"नाव काय तुझं?"

मी काही ठरवलं नव्हतं. शपथेवर सांगतो. "वेंडेल," मी म्हणालो.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. रेडिओवर ते कुणाला दिसणार नव्हतं. मग ते म्हणाले, आणि हा आवाज मार्शलचा नव्हता, "वेंडेल, तू सांगतोस म्हणजे खरंच असणार. तू कधी खोटा आवाज काढला नाहीस. कुणी नेला घोडा?"

"या सावकारानं. रात्री नेला, पहाटे आणून बांधला. नाल तेव्हाच सैल झाला."

बर्टनं माझ्याकडे पाहिलं. तो मनात आणता तर आणखी भांडू शकला असता. पण आमची पत्रं तोच आणतो. वेंडेल गेल्यावर दुखवट्याची पत्रं वहिनीच्या हातात देताना तो दारात टोपी काढून उभा राहायचा. तो हळूच म्हणाला, "या तबेलेवाल्यानं मला बुडवलं," आणि पळत सुटला. मी पट्टी अशी हाणली की तिचे दोन तुकडे झाले. बर्ट इतका सुंदर कधीच मेला नव्हता. जेब सुटला. मार्शल आपल्या घोड्यावर बसून, टप-टण् करत, मावळतीकडे निघून गेला.

निवेदकाच्या कागदावर माझं नाव लिहिलेलं होतं. मी नको म्हणून मान हलवली. त्यानं ते खोडलं आणि म्हणाला, "आवाज, वेंडेल थॉर्प."

दिवा विझायच्या आधीच फोन खणखणायला लागले. लोकांना तो तबेलेवाला पुढच्या शनिवारीही हवा होता. प्रेंटिससाहेबांनी तबकड्यांच्या खोक्याला पुन्हा दोरी बांधली. "परत पाठवतो," ते म्हणाले. "अडचणीत सापडलं की तबकडीला बोलता येत नाही."

मी सगळ्या गावातून साचा हातात धरून घरी आलो. मिरवणूकच म्हणा. (मिरवणुकीत मी एकटाच होतो.) वहिनी रेडिओजवळ बसली होती. डोळे लाल, पण हसत होती. "नाव घेतलं," ती म्हणाली. आणि उठून तिनं ताट वाढायला घेतलं. माझं.

तेवढ्यात आमचा फोन वाजला. लिंडक्विस्टकाकू.

"लायल, आज वेंडेलनं घोडा काय वाजवला. जीव ओतला पोरानं."

"काकू, वेंडेल गेला ना."

"मला सांगतोस? पुडिंग मीच आणलं होतं. गेला, पण जायच्या आधी करून ठेवलं असणार. तो तसाच होता, कामं उरकून ठेवायचा. शेवटी नाव त्याचंच घेतलं की."

"काकू, ते मी केलं असेल तर?"

"तू केलं असतंस तर आत्तापर्यंत काहीतरी जळलं असतं."

वहिनी कान लावून ऐकत होती. तिनं हसू दाबायला ताट पुसायचं फडकंच तोंडात कोंबलं.

"बरं, माझा साचा कधी देतोस?"

मी साच्याकडे पाहिलं. बुडाला पोचे पडले होते आणि काकूंच्या नावाची चिकटपट्टी खड्यांनी खाऊन टाकली होती. "काकू, तो दर शनिवारी लागणार आहे."

"कुणाला?"

"वेंडेलला."

"मग राहू दे," काकू म्हणाल्या. "पण त्याच्याच हातात दे हं. तू त्याला हात लावू नकोस."