लुसलुशीत कडक भाकरी

सोलापुरात इंटरनेट खऱ्या अर्थानं कुणाला कळलं असेल तर ते मला! धम्मप्रिया, इयत्ता दहावी, तुकडी ब. हे मी स्वतः म्हणत नाही... बरं, स्वतःच म्हणते. दुसऱ्या कुणी म्हणायची वाट बघत बसले तर म्हातारी होईन की!

माझी आई मीनाबाई कडक भाकरी करते. ज्वारीची, पातळ, थाळीएवढी, आणि वाळवून अशी खणखणीत केलेली की महिनाभर टिकावी. ती कशी खायची हे जगात सगळ्यांना ठाऊक असतं असं मला वाटायचं. सगळा घोटाळा तिथंच झाला.

नवी पेठेतला एक दुकानदार तिच्या भाकरी विकायला ठेवायचा. यंदा त्यानं एकदम बंद केलं. म्हणे मशीनच्या भाकरी बॉक्समध्ये येतात, दिसायला छान! मग आईनं पुण्याच्या एका मेसमधलं स्वयंपाकाचं काम धरायचं ठरवलं. राहायचं तिथंच, महिन्यातून एकदा घरी. येत्या एक तारखेला कामावर हजर!

"आई, पुण्याला जायचं नाव काढू नकोस. मला पंधरा दिवस दे. तुझ्या भाकरी जगभर पोचवते!"

"आधी तुझं दप्तर पलंगावरनं खुंटीपर्यंत पोचव."

मी मार्केटिंगचे चौदा व्हिडिओ बघितले. 'मीनाबाईंची भाकरी' नावाचं पेज काढलं. वरून फोटो घेतला. भाकरी, शेंगाची चटणी, दही, खाली आईची नवी साडी. आता राहिले शब्द. कडक म्हटलं की मला आमच्या मुख्याध्यापिका आठवतात. त्यांना पैसे देऊन घरी कोण मागवेल? व्हिडिओतल्या केकवाल्या, पाववाल्या सगळ्या एकच शब्द वापरत होत्या. मीही ठोकून दिला! "आईच्या मायेसारखी मऊ! तोंडात टाकताच विरघळणारी लुसलुशीत भाकरी!"

चार दिवसांत तीस ऑर्डरी! पुणे, नाशिक, ठाणे! आई तव्यापुढनं उठेना. बाबा एसटीच्या डेपोत मेकॅनिक, ते ड्युटीला जाताना पार्सलं कुरियरला टाकायचे. मी शाळेत अशी चालत होते जणू माझ्या पुढं बँड आहे.

मग पार्सलं पोचली.

"लुसलुशीत? ही भाकरी आहे की मंगलोरी कौल?"

"आमचं दार वाऱ्यानं आपटायचं. खाली तुमची भाकरी लावली. आता आपटत नाही. धन्यवाद."

ठाण्याच्या लीलाताईंनी तर निबंधच लिहिला. "जाहिरात वाचून सासऱ्यांनी तुकडा तोंडात ठेवला आणि विरघळायची वाट बघत बसले. वीस मिनिटांनी चावले. भाकरी शाबूत, कवळी दुभंगली!"

आणि नाशिकच्या ओजस नावाच्या पोरानं भाकरी हातात धरून, दोन काड्या घेऊन हलगी वाजवली! व्हिडिओ अख्ख्या महाराष्ट्रात फिरला. लोक आमच्या भाकरीवर नाचत होते, खात कुणीच नव्हतं!

आईनं तो व्हिडिओ तीनदा बघितला.

"धम्मे, लुसलुशीत कुणी लिवलं?"

मी पंख्याकडं बघितलं.

"कडक भाकरीला लुसलुशीत? उद्या म्हशीला मोर म्हण की! वीस वर्सं भाकऱ्या करते मी, एकानं नाव ठेवलं न्हवतं." एवढं बोलून तिनं माळ्यावरनं बॅग काढली आणि त्यात साड्या भरायला लागली. मी त्या बॅगेवरच जाऊन बसले.

"आई, माफीचा व्हिडिओ करू! शेवटचा!"

मी सुंदर मजकूर लिहून तिच्या हातात दिला. फोन पिठाच्या डब्याला टेकवला आणि बटण दाबलं.

"जय भीम, नमस्कार. आदरणीय ग्राहकहो, आपणास झालेल्या गैर... काय लिवलंय गं हे?" आईनं कागद भिरकावला. "हे बगा! चूक आमच्या पोरीची हाय. माझी भाकरी मऊ न्हाय! मऊ पायजे तर पाव खावा! ठाण्याच्या ताई, सासऱ्यांची मी माफी मागते, कवळी भरून देते. पण भाकरी चघळत बसत्यात व्हय? ती अशी फोडायची!" कडाड्! "आमटीत चुरायची. वर शेंगाची चटणी, त्यावर कच्चं तेल. आन् जरा दम धरायचा! आन् नाशिकच्या पोरा, अन्नावर हलगी वाजवतोस? बरं, वाजवलीस ती वाजवलीस, ताल तरी धर की!"

"आई, थांब! हे डिलीट करते, दुसरं घेऊ!"

तेवढ्यात आईचा फोन वाजला. बाबा होते. "डिलीट काय करतीस? अख्खा डेपो बघतोय! कंडक्टर लोक टाळ्या वाजवायलेत!"

मी रेकॉर्डऐवजी लाइव्ह दाबलं होतं. चार हजार लोक बघत होते!

खालून कॉमेंटा धबाधबा येत होत्या. ओजस विचारत होता, "काकू, ताल नेमका कुठं चुकला?" आणि थोड्या वेळानं लीलाताई! "मीनाताई, आत्ताच आमटीत चुरून दिली. सासरे दुसरी मागतायत. कवळीशिवाय खातायत! कवळीचं राहू द्या, आणखी चार डझन पाठवा!"

एक तारीख यायच्या आत इतक्या ऑर्डरी आल्या की शेजारच्या गंगम्मा आणि बजाबाई हाताशी घ्याव्या लागल्या. आईनं पुण्याला फोन लावला. "मला यायला जमायचं न्हाय. हितंच लई काम हाय." एवढंच! मी तिला अशी मिठी मारली की दोघी पिठानं पांढऱ्या! नवी पेठेतला दुकानदार स्वतः दारात आला. "मीनाबाई, आमच्यासाठी काही उरतं का?"

"पेजवर ऑर्डर टाका की," आई म्हणाली. मशीनवाले गेले उडत! जिंकलो आपण!

आमच्या पेजवर आता सगळ्यात वर एका बाईंची कॉमेंट आहे. "भाकरी एक नंबर! फक्त जाहिरात मुलीला लिहू देऊ नका." त्याला दोन हजार लाइक आहेत आणि पहिलं आईचं.

"चुकून बोट लागलं गं," ती म्हणाली. मी तिच्या फोनवरनं ते लाइक काढून टाकलं.

संध्याकाळी बघते तर तिथं आईचा लाल बदाम!