उभ्या पादचाऱ्यासाठी राखीव

धुळ्याच्या देवपूर भागात सुमनसागर नावाची कॉलनी आहे आणि त्या कॉलनीला फूटपाथ आहे. तो आहे, असं तिथली जुनी माणसं शपथेवर सांगतात. नव्या माणसांनी तो पाहिलेला नाही, कारण त्यावर गाड्या उभ्या असतात. गाड्यांवर राखाडी कव्हरं, कव्हरांवर धूळ आणि धुळीवर मांजरं. एकंदरीत सगळ्यांचं बरं चाललं होतं.

गडबड केली ती मोतीलाल नानांच्या पत्नीनं. नर्मदाबाईंना हिवाळ्यात अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नावापुरत्या, खरं औषध म्हणजे चालणं. रोज चाललात तर पाय परत येईल, नाहीतर जाईल तो कायमचा. गल्लीच्या टोकाला बुद्धविहार होता. बुद्धपौर्णिमेला तिथं स्वतःच्या पायांनी जायचं आणि बायकांच्या पुढं बसून वंदना सांगायची, असं बाईंनी ठरवून टाकलं. नाना वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले, सांगितलेलं काम बिनबोभाट करणारे. त्यांनी काठी आणली, रबरी तळाचे बूट आणले, बाईंना धरून फाटकाबाहेर काढलं आणि तिथंच थांबले.

फूटपाथवर गाड्या. खाली उतरावं तर रस्त्याच्या कडेला गाड्यांची दुसरी रांग. तिच्याही बाहेरून जावं तर रस्त्याचा मधला पट्टा, आणि तिथून वाळूचे डंपर. बाईंनी काठी टेकून दोन्हीकडं नीट पाहिलं.

"बठ्ठा रस्ता गाड्यासना शे," त्या म्हणाल्या. "आपन कोठे चालानं?"

सगळा रस्ता गाड्यांचाच, हे नानांनाही दिसलं. बाईंना आत बसवून त्यांनी शेजारच्या दीपकला गाठलं. फाटकासमोरची पांढरी गाडी दीपकची. ती एवढी चार हात सरकव, असं नानांनी गोडीनं सांगितलं. दीपक स्वभावानं चांगला, नानांना वाकून नमस्कार करणारा. पण गाडी सरकवायची म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. गाडी काढली आणि तेवढ्यात दुसऱ्या कुणी तिथं लावली तर, असं त्यानं विचारलं. याच भीतीपोटी त्यानं तीन दिवाळ्या गाडी हलवली नव्हती. कामावर तो रिक्षानं जायचा. दसऱ्याला मात्र कव्हर काढून गाडी धुवायचा, झेंडूची माळ घालायचा, सुरू करायचा, थोडा वेळ गुरगुरू द्यायचा आणि बंद करायचा. बायकोमुलांना गाडीतून हिंडवायचं म्हणून गाडी घेतली होती, ती जागा सांभाळायला लागल्यापासून ते सगळे पायी हिंडत होते.

मग नाना सायकलवर टांग मारून कार्यालयात गेले. हे कार्यालय नेमकं कुठल्या खात्याचं, ते त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. दारावर 'वाहन सुविधा व पादचारी निवारण कक्ष' अशी पाटी होती. साहेबांनी तक्रार आस्थेनं ऐकली आणि कारवाईचं आश्वासन दिलं. नाना बाहेर आले तर कारवाई झाली होती. त्यांची सायकल उचलून नेली होती.

नाना उलट पावली आत गेले. साहेबांनी समजूत घातली. फूटपाथ मोकळा करण्याची मोहीम आजच सुरू केली आहे, म्हणाले, आणि तुमच्या तक्रारीवरूनच केली आहे. गाडी उचलायला क्रेन लागते, क्रेन उभी करायला जागा लागते आणि जागेवर गाड्या आहेत. सायकल मात्र दोन माणसांना हातांनी उचलता येते, त्यामुळे मोहिमेची सुरुवात तिथूनच होणार, हे ओघानंच आलं. साहेबांचं बोलणं इतकं सरळ होतं की नानांना त्यात बोट ठेवायला जागा सापडेना. ते देवपूरपर्यंत पायी आले आणि वाटेत दोनदा चिरडले जाता जाता वाचले.

पुढच्या आठवड्यात पाहणी पथक आलं. प्रत्येक अधिकारी आपापल्या गाडीतून आला. गाड्या लावायला जागा मिळेना म्हणून पथकानं कॉलनीला घिरट्या घातल्या आणि खाली न उतरताच अहवाल दिला, की कॉलनीत पार्किंगची तीव्र टंचाई असून तिचा अनुभव पथकानं स्वतः घेतला आहे. उपाय म्हणून फाटकांपुढची शिल्लक मोकळी जागाही गाड्यांना देण्यात आली. तोवर नर्मदाबाई त्या मोकळ्या तुकड्यात निदान फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत येरझारा घालत होत्या. तेही बंद झालं. नानांचं डोकं फिरलं आणि त्यांनी पुन्हा कार्यालय गाठलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणाच्या टेबलावर हात आपटून बोलले.

"माझी बायको चालली नाही तर तिचा पाय जाईल, साहेब. तिला फूटपाथवर चालू द्यायचं की नाही, एवढंच सांगा."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी उठून नानांना स्वतःच्या हातानं पाणी दिलं.

"चालणं ही हालचाल झाली, नाना. उभ्या गाड्यांमधून हालचाल झाली की गाड्यांना ओरखडे पडतात. फूटपाथ आता स्थिर वस्तूंसाठी आहे." साहेब थोडा विचार करून म्हणाले, "तुमच्या मिसेस स्थिर राहू शकतील का?"

नानांनी होकार दिला. पाय ठेवायला जागा तर मिळते आहे, पुढचं पुढं बघू, असा हिशेब त्यांनी मनाशी केला. दीपकच्या गाडीमागं अजून कुणी गाडी न लावलेल्या तुकड्यावर माणसं आली, पांढऱ्या रंगाची चौकट आखली आणि आत लिहून गेली, 'उभ्या पादचाऱ्यासाठी राखीव'. दुसऱ्या दिवशी फोटो काढणारे आले. चौकटीत काठी टेकून उभ्या असलेल्या नर्मदाबाई आणि त्यांच्या शेजारी साहेब. शहर पादचाऱ्यांच्या पाठीशी उभं असल्याची बातमी छापून आली. बाई रोज सकाळी चौकटीत उभ्या राहू लागल्या. जागच्या जागी पाय उचलायच्या, खाली ठेवायच्या. पोटरीत थोडी धुगधुगी आली. पौर्णिमेपर्यंत होईल, असं त्या नानांना सांगायच्या आणि नानांनाही ते खरं वाटायचं.

आता मोकळी चौकट म्हणजे काय चीज असते, ते गाडीवाल्यालाच विचारावं. जाणारे येणारे तिच्याकडं आशेनं बघायचे. कुणी थांबून बाईंना विचारायचं, मावशी, निघताय का.

त्यातच दीपकच्या बहिणीची, रूपाची हळद आली. भडगावहून मामा आले, तेही मोठी गाडी घेऊन. दीपक हात जोडून चौकटीपुढं उभा राहिला. फक्त आजच्या रात्रीपुरतं, म्हणाला. नानांनी डोळ्यांनी बायकोला खुणावलं, नाही म्हण. पण खान्देशात दारी आलेल्या पाहुण्याला नाही म्हणण्याची रीत कुणी शिकलेलं नाही. शेजाऱ्याचा पाहुणा तो आपला पाहुणा.

"दारशी येल पाव्हणाले कोनी नही म्हनस का?" नर्मदाबाई नानांना म्हणाल्या आणि काठी उचलून चौकटीबाहेर झाल्या.

हळद झाली, लग्न झालं, नवरी सासरी गेली. मामा मात्र एसटीनं भडगावला परतले. इतकी हुकमी जागा मिळाली असताना गाडी काढणं त्यांच्या जिवावर आलं. सवडीनं नेतो म्हणाले. गाडीवर राखाडी कव्हर चढलं. नाना कार्यालयात गेले, तर चौकटीतली वस्तू स्थिर आहे, तेव्हा नियमभंग दिसत नाही, असं उत्तर मिळालं. बाई स्वतःहून हलल्या होत्या, याचीही साहेबांनी खेदानं आठवण करून दिली.

नर्मदाबाई खाटेवर बसल्या त्या बसल्याच. पौर्णिमेच्या आधी पाय लाकूड झाला. डॉक्टरांनी सुईनं टोचून पाहिलं, बाईंना कळलं नाही. नाना मागच्या अंगणात जाऊन रडले. दीपकलाही फार वाईट वाटलं. तो रोज फळं घेऊन येऊन बसायचा, आणि ते ढोंग नव्हतं.

मुलगा प्रशील पुण्याला नोकरीत होता. आईचं ऐकून तो कळवळला आणि महिन्याच्या आत नवी मोठी गाडी घेऊन हजर झाला. आता आईची ददात मिटली, म्हणाला. पौर्णिमेला त्यानं तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं. गल्लीचं टोक गाठायला बराच वेळ लागला, कारण विहारात येणारे सगळेच गाडीनं आले होते. विहारासमोर थांबायला जागा नव्हती. प्रशीलनं काच खाली केली. आतून वंदनेचा आवाज आला, बाईंनी हात जोडले, ओठ हलू लागले. वंदनेच्या सुरुवातीचं त्रिशरण पुरतं व्हायच्या आत मागच्यानं हॉर्न दिला आणि प्रशीलला गाडी पुढं घ्यावी लागली.

"वापस ली चाल, भाऊ," एवढंच बाई मुलाला म्हणाल्या.

कॉलनीत मात्र सगळ्यांना समाधान वाटलं. बाईंचा पाय गेला ते वाईटच, पण मुलानं वेळेवर गाडी घेतली म्हणून बरं झालं, असं जो तो म्हणतो. ती गाडी आता नानांच्या फाटकाला चिकटून उभी असते आणि नाना कुंपणावरून चढून ये-जा करतात.

बाईंना माणसं भेटायला आली की बरं वाटतं. तुम्हीही या एखाद्या रविवारी. गाडी खुशाल फूटपाथवर लावा, नेहमी लावता तशीच. तिथून आता कुणी चालत नाही.